कर्णिक साहेबांची सुकी माशी

"बुडाली! परत बुडाली!"

कर्णिक साहेब मांडीभर पाण्यात उभे राहून असे ओरडले, की ऐकणाऱ्याला वाटावं नदीत घरचं कुणीतरी वाहून गेलं. काठावर माझा नवरा डबीचं झाकण हातात धरून थिजला होता. मी बाजूच्या धोंड्यावर बसून शेंगदाणे खात होते.

"केळुसकर, आज काय लावलं होतंत हिला?"

"साजूक तूप, सर," नवरा म्हणाला, आणि लगेच माझ्यावर ढकलून मोकळा झाला. "म्हणजे, हेमाने दिलं."

"तूप? अहो, माशी आहे ती, पुरणपोळी नाही!"

मी तोंडात पदर कोंबला. साहेबांनी दोरी मागे खेचली, माशी हातात घेऊन फुंकली आणि पुन्हा फेकली. या वेळी ती पाण्यापर्यंत पोचलीच नाही. तुपाच्या वासाने एक गांधीलमाशी आली आणि साहेबांच्या खोट्या माशीला मिठी मारून बसली. साहेबांनी मराठीत, इंग्रजीत आणि थोडं पंजाबीत जे काही उच्चारलं ते मी इथे सांगत नाही, माझी नातवंडं हे ऐकतात.

याला आता तीसेक वर्षं झाली असतील. हिमाचलात, कुल्लूच्या पलीकडल्या एका खोऱ्यात धरणाचं काम चाललं होतं. माझा नवरा विद्याधर तिथे ज्युनियर इंजिनियर आणि कर्णिक साहेब सगळ्या प्रोजेक्टचे बाप. मी वेंगुर्ल्याची, गाबतीण. माझ्या बापाची स्वतःची होडी होती, त्यामुळे मासे धरणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण साहेबांची मासेमारी पहिल्यांदा पाहिली आणि मी नवऱ्याला विचारलं, "ह्यांच्या डोक्यार काय पडलाहा काय रे?"

कारण प्रकार असा. नदीत ट्राउट नावाचा मासा. त्याला धरायला साहेब गळावर कोंबड्याच्या मानेची पिसं आणि रेशमाचा धागा गुंडाळून खोटी माशी करायचे. ती पाण्यावर तरंगत गेली पाहिजे, खरी माशी बसल्यागत. मासा खालून आला, त्याने ती वरच्यावर घेतली, तरच तो धरला असं म्हणायचं. माशी पाण्याखाली गेली आणि मग मासा लागला, तर साहेबांच्या लेखी तो मासाच नव्हे. गांडुळाने धरणारा माणूस त्यांना चोर वाटायचा. आणि एवढी सगळी नाटकं करून मासा लागलाच, तर त्याच्या तोंडातला गळ हळूच काढायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा! हातात आलेला मासा सोडून घरी जाऊन वरणभात खाणारा सीकेपी मी जन्मात दुसरा पाहिला नाही.

माशी तरंगायची तर तिच्या पिसांना काहीतरी ओशट लावावं लागतं, नाहीतर चार फेकीत पिसं भिजून ती खाली जाते. साहेबांकडे त्यासाठी विलायती मलमाची डबी होती, ती त्या हिवाळ्यात संपली. लंडनचा भाचा नवी पाठवणार होता. पण ती काही येईना, आणि तेव्हापासून आमच्या घरावर साडेसाती आली. साहेबांना जवळचं नीट दिसत नसे, आणि माझा हात जाळी विणून बारीक कामाला बसलेला, त्यामुळे माश्यांना काय लावायचं ते शोधणं माझ्या गळ्यात पडलं. पेट्रोलात मेण विरघळवून पाहिलं. साहेब तोंडात पेटती सिगरेट घेऊन ते बघायला वाकले आणि अर्धी मिशी घालवून बसले. मग तुपाचं हे असं झालं.

तुम्ही म्हणाल, बाई, तू कशाला या भानगडीत पडलीस? सांगते. माझी पोर वेंगुर्ल्याला होती.

वैजू तेव्हा चार वर्षांची. या खोऱ्यात तिला आणली होती, दोन हिवाळ्यांत दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळेला ती निळी पडली होती. डॉक्टर म्हणाला, हिला इथे ठेवाल तर हिची आशा सोडा. माझ्या आईकडे नेऊन ठेवली. मीही तिच्याबरोबर राहिले, तर इकडे नवऱ्याने कावीळ करून घेतली आणि क्वार्टरमध्ये एकटा मरायला टेकला. मग मी परत आले. म्हणजे इकडे नवरा, तिकडे पोर, आणि मी मधे गाडीत. त्या दिवाळीला घरी गेले तर वैजू मला बघून आत पळाली आणि माझ्या आईला म्हणाली, "आये, पावणी इली!" आईलाच ती आये म्हणत होती. मी हसले, सगळ्यांच्या देखत हसले, आणि न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

कंपनीचं रत्नागिरीजवळ नवीन काम निघालं होतं. आमच्या लायकीची जागा एकच, आणि ती मिळायला कर्णिक साहेबांची सही हवी. नवऱ्याने अर्ज दिला होता. साहेब दर वेळी म्हणायचे, "बघू, स्पर्धा होऊन जाऊ दे."

स्पर्धा म्हणजे साहेब विरुद्ध ब्रिगेडियर ढिल्लों. ब्रिगेडियर निवृत्त होऊन नदीपलीकडे सफरचंदाची बाग लावून राहिले होते. दर एप्रिलात एका रविवारी दोघे दोन काठांवर उभे राहायचे. ज्याचा मासा मोठा, त्याचं नाव गेस्टहाउसच्या भिंतीवरच्या फळीवर लागायचं. फळीवर वरपासून खालपर्यंत ढिल्लों, ढिल्लों, ढिल्लों. साहेब त्या भिंतीकडे पाठ करून जेवायचे.

"गो, साहेब जिंकले तर खूश होतले," नवरा म्हणाला. "मगे मी विषय काढतंय."

"तू? तू विषय काढतलंस? साहेब शिंकले तरी तू सॉरी म्हणतंस!"

पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तेव्हा ठरलं, साहेबांची माशी तरंगलीच पाहिजे.

स्पर्धेच्या पहाटे मी वेणी घालायला बसले आणि हातात खोबरेल तेलाची बाटली घेतली. तिकडच्या थंडीत ते गोठून पांढरं शुभ्र झालेलं. मी हेअरपिनने थोडं उकरून बोटावर घेतलं, आणि बघते तर काय, अगदी साहेबांच्या विलायती मलमासारखं! आणि वर ते पाण्याला दाद देत नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागतं? मी साहेबांची माश्यांची अख्खी डबी पुढे ओढली आणि एकूणएक माशीला तेल लावलं. लावलं म्हणजे काय, आम्ही तेलाच्या बाबतीत हात आखडत नाही. आमच्याकडे पोरीला तेल लावायचं तर ते कानामागून ओघळायला हवं. मी प्रत्येक माशी चोपडून चोपडून चप्प केली आणि वर पिसं बोटाने छान सरळ बसवली.

नदीवर पोचलो. नियम असा, की प्रत्येकाजवळ समोरच्या बाजूचा एक साक्षीदार, मासा माशी वरून घेतो की खालून हे बघायला. माझा नवरा ब्रिगेडियरकडे गेला. ब्रिगेडियरचा माणूस तापाने पडला होता. तेव्हा त्या काठावरून ब्रिगेडियर ओरडले, "बेटी, तू बैठ जा उधर. मछुआरे की बेटी मछली के बारे में झूठ नहीं बोलती!" या माणसाने उभ्या आयुष्यात कधी कोळणीकडून मासे घेतले नव्हते, हे उघड होतं.

साहेबांनी पहिली फेक टाकली. माशी पाण्यावर टेकली आणि दगड टाकावा तशी खाली गेली.

त्यांनी दुसरी माशी बांधली. तीही गेली. तिसरी गेली. चौथीला त्यांनी हवेत वीस वेळा फिरवून वाळवली, तीही गेली. पलीकडे ब्रिगेडियरने एक मासा काढला, वीतभर आणि वर चार बोटं. माझ्या नवऱ्याने मान हलवली, म्हणजे कायदेशीर. साहेबांनी पाचवी माशी हात लांब करून पाहिली, मग नाकाजवळ नेली, आणि सावकाश माझ्याकडे वळले.

"वहिनी, हे खोबरेल आहे?"

"होय साहेब. शुद्ध. घाण्याचं आहे."

"किती लावलंत?"

"भरपूर," मी म्हटलं. आणि खरंच, मला अभिमान वाटत होता.

"अहो, भरपूर कशाला? पिसं मोकळी हवीत! एकेक पीस फुलून पाण्यावर टेकतं, म्हणून ती तरंगते. नखाला लागेल न लागेल एवढंच लावायचं असतं. तुम्ही तर हिचा भांग पाडलात! सगळ्यांना लावलंत?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना!" साहेब नदीकडे पाठ करून माझ्यावर तोंड सोडायला लागले. माझं तेल काढलं, माझं कोकण काढलं, माझ्या नवऱ्याने बांधलेली एक भिंत तिरकी होती तीही काढली. काठी काखेत, दोरी मागे प्रवाहात सुटलेली, आणि तिच्या टोकाला माझी तेल लावलेली माशी कुठेतरी पाण्याच्या तळाशी. मी मान खाली घालून ऐकत होते. आता कसली बदली आणि कसलं काय, असं मनात आलं.

तेवढ्यात साहेबांची काठी काखेतून निघाली. त्यांनी ती धरली म्हणून, नाहीतर गेलीच असती. मग जे काय झालं ते मी होडीवर वाढलेली बाई सांगते आहे, साहेबांनी कमाल केली. दोरी सोडत, ओढत, धडपडत, एकदा पाण्यात बुड टेकत, त्यांनी तो मासा खेळवला. मी धोंड्यावर उभी राहून "सोडा, सोडा, आता ओढा!" म्हणून ओरडत होते. शेवटी मीच साडी खोचून पाण्यात उतरले आणि जाळी खाली घातली. मासा हातभर होता. पिवळं पोट, अंगावर तांबडे ठिपके. ब्रिगेडियरचा मासा याच्या पोटात मावला असता.

साहेब जाळी पाण्यात धरून गुडघ्यावर बसले आणि चक्क रडायला लागले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "माशी कुठे होती?"

पलीकडून ब्रिगेडियर आणि माझा नवरा लाकडी पुलाकडे निघाले होते. आमच्यापर्यंत पोचायला त्यांना अजून थोडा वेळ होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला उमगलं. माझ्यासारखीकडे साहेबाने असं कधी पाहिलं नव्हतं. भिकाऱ्यासारखं पाहत होते हो!

"साहेब," मी म्हटलं, "रत्नागिरीच्या अर्जाचं काय झालं?"

"ही काय वेळ आहे का वहिनी?"

"हीच आहे."

त्यांनी माशाकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं. "करतो," म्हणाले.

ब्रिगेडियर आले. वाकून बघितलं आणि त्यांच्या तोंडून शीळ निघाली. मग कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "बेटी, मक्खी ऊपर थी या नीचे?"

"ऊपर थी," मी ठणकावून सांगितलं. "एकदम ऊपर. बत्तख की तरह."

ब्रिगेडियरने साहेबांचा हात हातात घेतला आणि गदागदा हलवला. "मुबारक हो, कर्णिक!" माझ्या नवऱ्याचा चेहरा फुलला. मी मनातल्या मनात सामान बांधायला लागले होते, पितळेची भांडी आधी, गाद्या नंतर. आणि हा बाबा, हा कर्णिक, हात सोडवून घेऊन म्हणतो कसा, "नीचे थी, ब्रिगेडियर. बुडालेली होती. मी तर बघतही नव्हतो."

"साहेब!" मी किंचाळले.

"नाही वहिनी. ऑफिसात मी काय काय बोलतो ते वेगळं. पण इथेही खोटं बोललो तर मला जायला जागा उरत नाही."

माझा संयम सुटला. नवरा "हेमा, हेमा" करत मागे ओढतोय, आणि मी साहेबाच्या तोंडावर गेले.

"शिरा पडली तुमच्या त्या माशीवर! वर होती का खाली होती, कुणाला काय पडलंय? तुमच्या माश्यांना तूप लावलं, तेल लावलं, घरची कामं टाकून इथे धोंड्यावर बसले. कशासाठी? माझी चार वर्षांची पोर तिकडे आहे साहेब! इथल्या थंडीत ती जगत नाही. आणि तिकडे मला बघून ती लपते. मला ओळखत नाही माझी पोर! अजून एक वर्ष गेलं तर ती माझी उरायची नाही. आणि तुम्ही म्हणताय स्पर्धा होऊ दे, सीझन होऊ दे! एका पिसाच्या गोळ्याशी खरं वागायला तुम्हाला जमतं, माणसाशी वागायला काय होतं?"

बोलता बोलता मी रडले, आणि रडले याचाच जास्त राग आला. ब्रिगेडियरला मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

साहेब माझ्या नवऱ्याकडे वळले. "केळुसकर, मुलीचं हे मला कधी सांगितलं नाहीस?"

"अर्जात लिहिलं होतं, सर," नवरा पुटपुटला. "घरगुती कारणास्तव."

"अरे, कोकणातला माणूस घरगुती कारण लिहितो तेव्हा मला गणपती वाटतो! नाहीतर आंबे! घरगुती कारण काय लिहितोस, गाढवा? मुलगी लिहावं ना!"

"तशी पद्धत नाही, सर."

खरंच नव्हती. साहेबाला घरातलं सांगायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी आम्ही ते पाळत होतो. मीही पाळत होते, नाहीतर एवढ्या दिवसांत मला तोंड नव्हतं का?

"मछली," ब्रिगेडियर म्हणाले.

आम्ही खाली पाहिलं. भांडणाच्या नादात साहेबांनी जाळी पाण्यातून काढून धोंड्यांवर ठेवली होती. मासा मेला होता. साहेब मटकन खाली बसले. चौदा वर्षांत त्यांच्या हातून एक मासा मेला नव्हता, असं ते म्हणाले. त्यांनी त्याला पाण्यात धरून पाहिलं, पुढे मागे केलं, पण तो उलटा व्हायचा. शेवटी मीच डोळे पुसले आणि मासा त्यांच्या हातातून घेतला.

"फुकट जाऊ द्यायचा नाही," मी म्हटलं. "साडेसातला जेवायला या."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. नवरा तर घरी आल्यापासून कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. नोकरी गेली, असं त्याने दोनदा सांगितलं. आईने पाठवलेली तिरफळं होती, सोलं होती, मी माशाचं तिखलं केलं आणि भात टाकला. साडेसातला दार वाजलं. साहेब एकटेच होते, स्वच्छ शर्ट घालून, अर्धी मिशी नीट विंचरून.

पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला. "आई गं," असं काहीतरी त्यांच्या तोंडून निघालं. मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि काटे चोखत, रस्सा ओरपत, असे जेवले की मी भात पुन्हा टाकला. इतकी वर्षं हा माणूस काय सोडून देत होता ते त्याला आता कळत होतं, आणि मला त्याची थोडी दया आली. नवरा खाली मान घालून भात चिवडत होता.

तिसऱ्या वाढीला साहेब थांबले.

"मुलीचं नाव काय?"

इथे आल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"वैजयंती," नवरा म्हणाला. आणि मग तो थांबलाच नाही. साहेबासमोर ज्याच्या तोंडून 'येस सर'पलीकडे काही निघत नसे, तो माझा नवरा बोलायला लागला. तिका समुद्राची भीती वाटणा नाय सर, ती कोंबड्यांची नावां ठेवता, तिचो एक दात किडलेलो आसा, ती झोपताना माझो कान धरी. मालवणीत बोलत होता आणि त्याला पत्ता नव्हता. निळी पडली होती त्या रात्रीचंही त्याने सांगितलं, जे तो माझ्याशीसुद्धा कधी बोलला नव्हता. साहेब बोटं न चाटता, हात तसाच ताटावर धरून ऐकत होते.

"केळुसकर," शेवटी ते म्हणाले, "रत्नागिरीहून वेंगुर्ला किती लांब?"

"एस्टीने पाच-सहा तास, सर."

"मग सुट्टीच्या दिवशी जाऊन भेटता येईल तिला."

"भेटता कशाला?" मी उसळले. "ती रत्नागिरीला आमच्याजवळ राहील. आमच्या घरात!"

"हो की," साहेब म्हणाले. "मीही बैलच. उद्या सही करतो. जूनच्या आत पोचा, तिची शाळा सुरू होईल."

मी स्वयंपाकघरात गेले. माशाचं डोकं मी नवऱ्यासाठी झाकून ठेवलं होतं. ते उचलून आणलं आणि साहेबांच्या ताटात वाढलं.